परतीच्या वाटेची तजवीज

सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपुष्टात आली, आणि त्यापूर्वीच्या काही महिन्यांत, ज्यांच्या हाती दूरदूरच्या शाखांमधून आणि गोदामांतून ठेवलेल्या सर्व्हरांची देखभाल होती अशा पुष्कळ मंडळींपुढे एकच विवंचना उभी राहिली: जेथे स्वतः पोहोचणे दुष्कर, जेथे या विषयातला जाणता मनुष्य कोणी नाही, आणि जेथील यंत्र एक दिवस मुके झाले तर सामान्य लोकांचे व्यवहार खोळंबतात, तेथील प्रणाली बसल्या जागेवरून समूळ कशी बदलावी? हे काम अशक्य नाही. मी ते केले आहे आणि आजही करतो. २००३ साली कॉलिन पर्सिव्हल यांनी ‘डीपेंग्विनेटर’ नावाची युक्ती प्रसिद्ध करून दूरच्या लिनक्स यंत्रावर फ्रीबीएसडी चढविण्याचा मार्ग दाखविला होता. एक लहानशी प्रणाली रॅममध्ये उभी करायची, तिच्यात एसएसएचने शिरायचे आणि मग मोकळ्या झालेल्या डिस्कची हवी तशी मांडणी करायची, हे त्यातले तत्त्व अद्यापि खरे आहे. माझे सांगणे प्रवेशाविषयी नसून परतीविषयी आहे.

कोकणातील एका पतसंस्थेच्या शाखेत घडलेली हकिकत सांगतो. तेथील सर्व्हर साधा होता. पडद्यासह यंत्राचा ताबा दुरून देणारी आयपीएमआयसारखी सोय त्यात नव्हती. कामाचा मक्ता घेतलेल्या मंडळींनी निष्काळजीपणा केला असे मला म्हणवत नाही. त्यांनी चालू प्रणालीतूनच डीबूटस्ट्रॅपच्या साह्याने रिकाम्या जागेत डेबियन १२ उतरविले, आणि ग्रब या बूटलोडरला असा हुकूम दिला की नवी प्रणाली फक्त एकदाच उघडावी व त्यानंतरच्या बूटला पुन्हा जुनीच यावी. म्हणजे काही बिघडले तर शाखेतल्या शिपायाने यंत्र बंद करून चालू करावे, की पूर्वस्थिती प्राप्त व्हावी. योजना निर्दोष दिसत होती. रिबूटनंतर यंत्र बोलेना. शिपायाने दूरध्वनीवरून सांगितल्याप्रमाणे बटण दाबले, तरीही बोलेना. पुन्हा दाबले, तरी तेच. अखेर पडदा आणि कीबोर्ड घेऊन, भर पावसात गगनबावड्याचा घाट उतरून तेथे जाण्याचे काम माझ्याकडे आले.

पाहतो तो नवी प्रणाली सुरळीत चालू होती. फक्त तिला नेटवर्क नव्हते, कारण जुनी प्रणाली ज्या नेटवर्क कार्डाला ‘ईएम१’ म्हणत होती त्यालाच नवी ‘ईएनओ१’ म्हणत होती, आणि आयपी पत्ता जुन्या नावाने लिहिलेला होता. हा दोष मी क्षम्य मानतो. कार्डाच्या मॅक पत्त्यावरून जुळणी लिहिली की तो टळतो, पण तो टळला तरी त्याच्या जागी दुसरा कोणता तरी उभा राहतोच: रेड कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलमधून वगळलेला असतो, किंवा एफएसटॅबमध्ये डिस्कचा यूयूआयडी चुकीचा पडलेला असतो. खरा घात दुसऱ्या ठिकाणी होता. ‘एकदाच’ हा हुकूम ग्रबएन्व्ही नावाच्या छोट्या फाइलीत नोंदलेला असतो आणि बूट होताना ग्रबने स्वतः ती नोंद पुसायची असते. परंतु त्या सर्व्हरचे बूट पार्टिशन दोन डिस्कांवरच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये होते, आणि अशा जोडडिस्कवर ग्रबला वाचता येते, लिहिता येत नाही. नोंद पुसली गेली नाही, आणि एकदाचा हुकूम कायमचा ठरला. विहिरीत उतरणाऱ्याने दोराला गाठ मारली होती, पण वरचा खुंटा कोणी हलवून पाहिला नव्हता.

म्हणून या कामात पडू इच्छिणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, पहिल्या चाचणीसाठी ग्रबला हातच लावू नये. लिनक्स कर्नलमध्ये २००५ पासून केएक्सेकची सोय आहे. तिच्या योगे चालू कर्नलमधूनच नवा कर्नल उघडता येतो, बूटची मांडणी जशीच्या तशी राहते, आणि वीज गेली तरी यंत्र आपोआप जुन्या प्रणालीत परतते. काही कार्डे या मार्गाने गोंधळतात हे खरे. पण तो गोंधळसुद्धा बटण दाबून मिटणारा असतो. कर्नलला ‘पॅनिक=३०’ हा पर्याय अवश्य द्यावा, कारण त्यावाचून डेबियनला मूळ डिस्क सापडली नाही तर ती प्रणाली कोणी पाहत नसलेल्या पडद्यावर आज्ञेची वाट पाहत अनंतकाळ थांबते; पर्याय दिला असता तीस सेकंदांनी स्वतःच रिबूट होते. आणि नव्या प्रणालीत असा एक टायमर बसवावा की, ठरलेल्या वेळेत, समजा पंधरा मिनिटांत, कोणी आत शिरून तो रद्द केला नाही तर यंत्राने रिबूट होऊन जुन्या प्रणालीत परतावे. हा टायमर नेटवर्कवर विसंबलेला नसावा.

याची तालीम आपल्या टेबलावरच्या यंत्रावर, डिस्कांची मांडणी तंतोतंत तीच ठेवून, करावी, आणि तीत मुद्दाम चुकीचा आयपी लिहून यंत्र परत येते की नाही याची खातरजमा करावी. नुसते यशस्वी बूट पाहून उठू नये.

त्या शाखेतला शिपाई मला भेटला तेव्हा अपराध्यासारखा उभा होता. आपण बटण चुकीचे दाबले असावे, अशी त्याची समजूत झाली होती. त्याने सांगितल्याबरहुकूम सर्व काही केले होते, आणि आपल्या अपुऱ्या तजविजीचा भार अशा माणसाच्या मनावर पडावा याचा मला आजही विषाद वाटतो. तेव्हापासून असे काम हाती घेण्यापूर्वी मी शाखेत एक कागद मराठीतून लिहून पाठवितो: कोणते बटण, किती वेळ दाबायचे, कोणता दिवा लागेपर्यंत थांबायचे, आणि तेवढे करूनही यंत्र उठले नाही तर त्यात तुमची कसूर नाही.

नवी प्रणाली एसएसएचने नीट भेटू लागली म्हणजे मग ग्रबची नोंद बदलावी, आणि कचेरीच्या वेळेत, शाखेत माणूस हजर असताना, यंत्र एकवार पूर्ण बंद करून चालू करवून घ्यावे, कारण केएक्सेकने उघडलेली प्रणाली फर्मवेअरच्या वाटेनेही उघडेलच असे नाही. जुने पार्टिशन पुसण्याची घाई करू नये. मी ते पुढच्या महिनाअखेरीचे हिशेब नव्या प्रणालीवर जुळल्यानंतरच मोकळे करतो.