हावडा : दोन प्रवासांचे एक स्थानक

रेल्वे स्थानकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतात. काही स्थानकांवरून गाडी थांबून पुढे निघून जाते. काही ठिकाणी फलाटाच्या शेवटाशी रूळच संपतात. या दुसऱ्या प्रकारास टोकाचे स्थानक म्हणतात. अशा स्थानकावर दूर पल्ल्याच्या व उपनगरी अशा दोन्ही गाड्यांचा भार पडला, म्हणजे त्याचा कारभार किती नाजूक होऊन बसतो, हे पाहण्यास पश्चिम बंगालमधील हावडा स्थानकाचे उदाहरण उद्‌बोधक आहे.

नदीच्या अलीकडे

ईस्ट इंडियन रेल्वे कंपनीची पहिली उतारू गाडी १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून निघून चोवीस मैलांवरील हुगळी गावी पोहोचली. कलकत्ता शहर हुगळी नदीच्या पूर्व तीरावर, तर हावडा पश्चिम तीरावर. त्या वेळी नदीवर पूल नव्हता. शहरातील उतारू घाटावरून नावेने नदी ओलांडून गाडी पकडीत. १८७४ मध्ये तरता पूल झाला. परंतु जहाजांना वाट देण्यासाठी तो अधूनमधून उघडावा लागे आणि तेवढा वेळ रहदारी खोळंबे. आजचा प्रचंड लोखंडी पूल १९४३ मध्ये खुला झाला. २०२४ च्या मार्च महिन्यात नदीच्या तळाखालून मेट्रो धावू लागली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती सियालदह या शहरातील दुसऱ्या मोठ्या स्थानकाशी सलग जोडली गेली. स्थानक आणि त्याचे शहर यांतील अंतर पुरे होण्यास अशा प्रकारे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास काळ लागला.

दरम्यान स्थानकही वाढत गेले. १९०० मध्ये बेंगाल नागपूर रेल्वेचा मार्ग हावड्याशी जोडला गेला आणि नागपूरमार्गे मुंबईकडे जाणारी वाट येथून सुरू झाली. हॅल्से रिकार्डो या वास्तुविशारदाने आखलेली लाल विटांची इमारत १९०५ मध्ये वापरात आली. आज येथे वीसहून अधिक फलाट आहेत, आणि पूर्व व दक्षिण-पूर्व अशा दोन रेल्वे विभागांच्या गाड्या त्यांचा उपयोग करतात.

दोन प्रकारचे उतारू

१९६९ मध्ये देशातील पहिली राजधानी एक्स्प्रेस हावडा व नवी दिल्ली यांच्या दरम्यान धावू लागली. त्या गाडीचा उतारू आणि श्रीरामपूर किंवा चंदननगरहून रोज कामावर येणारा उतारू, हे दोघे एकाच छताखाली वावरतात. पण त्यांच्या गरजा सर्वस्वी भिन्न आहेत. पहिल्याजवळ सामान असते, तो बराच आधी येतो, त्याला हमाल, प्रतीक्षालय व भोजनाची सोय लागते. दुसऱ्याला बंगालमध्ये ‘डेली पॅसेंजर’ म्हणतात. त्याच्या खिशात पास असतो. स्थानकात तो काही मिनिटेच असतो, आणि पुलाकडे जाणारी मोकळी वाट एवढेच त्याचे मागणे असते.

या दुसऱ्या वर्गात केवळ कारकून व कामगार नाहीत. कोलाघाट, बागनान या भागातील फुलांचे उत्पादक व विक्रेते टोपल्या घेऊन लोकलने हावड्यास येतात आणि पूल ओलांडून मल्लिक घाटाच्या फुलबाजारात माल पोहोचवितात. फुलांचा भाव सकाळच्या घटकांवर अवलंबून असतो. स्थानकाबाहेर सिग्नलपाशी खोळंबलेली लोकल या माणसांच्या त्या दिवसाच्या कमाईवरच घाला घालते.

गळ्याची अडचण

फलाट वाढविले की गाड्या वाढविता येतील, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. फलाट कितीही असले, तरी बाहेर पडताना त्यांचे रूळ सांध्यांच्या जाळ्यातून मोजक्या मार्गांवर एकवटतात. बाटलीच्या गळ्याप्रमाणे असणारा हा भाग स्थानकाची खरी शक्ती ठरवितो. एखादी गाडी हे सांधे तिरपी ओलांडीत असता तिच्या वाटेत येणाऱ्या सर्व मार्गांना लाल सिग्नल द्यावा लागतो.

आता दोन्ही गाड्यांचा हिशेब पाहू. लोकल येते, उतारू उतरतात, मोटरमन एका टोकाच्या केबिनमधून दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो, आणि थोड्याच वेळात तीच गाडी परत फिरते. गळ्यातून तिची ये-जा दोनदाच होते. दूर पल्ल्याच्या गाडीचे तसे नाही. ती येते, पार्सले उतरविली जातात, रिकामे डबे धुण्यासाठी, पाणी भरण्यासाठी व तपासणीसाठी यार्डात न्यावे लागतात, सुटण्याच्या वेळेआधी ते पुन्हा फलाटाला आणून लावावे लागतात, आणि मग गाडी निघते. म्हणजे गळ्यातून चार फेऱ्या झाल्या. शिवाय गाडी आणणारे इंजिन तिच्यामागे रूळांच्या शेवटाशी अडकून पडते. डबे हलल्यावरच त्याची सुटका होते.

हावड्याच्या उपनगरी मार्गावर १९५७ मध्ये शेवडाफुलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, त्यांचे महत्त्व येथे ध्यानात येईल. धुराचा त्रास गेला, वेग वाढला, हे तर झालेच. परंतु दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेल्या गाडीमुळे इंजिन सोडण्या-जोडण्याचा खटाटोप वाचला, हा लाभ अधिक मोठा होता.

उपाय आणि निवड

अशा स्थानकाला मोकळा श्वास घेऊ देण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. दोन प्रकारच्या गाड्यांना शक्य तितके स्वतंत्र रूळ द्यावेत. तिरप्या मार्गांची संख्या कमी करावी. आणि काही लांबच्या गाड्या अन्य स्थानकांवरून सोडाव्यात. हावड्याजवळच्या शालिमार व सांतरागाछी स्थानकांवरून आता दूर पल्ल्याच्या अनेक गाड्या सुटतात. याची किंमतही आहे. गावाहून आलेल्या उतारूला सामानासह शहरात जाण्यास दुसरे वाहन शोधावे लागते.

वेळापत्रकाचा प्रश्न याहून कठीण आहे. एकाच क्षणी लोकल व एक्स्प्रेस गळ्याशी आल्या, तर कोणाला थांबवावे? एक्स्प्रेसचा उशीर पुढे शेकडो मैल पसरत जातो, म्हणून बहुधा तिला वाट देणे सोयीचे वाटते. परंतु रोजचा उतारू जाता-येता दहा-दहा मिनिटे थांबला, असे धरले, तर वर्षातील तीनशे कामाच्या दिवसांत त्याचे शंभर तास जातात. हे तास कोणत्याही एका दिवसाच्या नोंदीत ठळकपणे दिसत नाहीत, म्हणून त्यांची तक्रारही दबलेली राहते. सिग्नल कोणाला द्यावयाचा हा निर्णय केबिनमध्ये तांत्रिक नियमांनी होतो. पण त्या नियमांमागे कोणाच्या वेळेचे मोल किती, याचे उत्तर समाजाने आधीच देऊन ठेवलेले असते. स्थानकाची योजना आखणाऱ्यांनी हे उत्तर वेळोवेळी तपासून पाहिले पाहिजे.