चक्रीय अर्थव्यवस्था : एलन मॅकार्थर प्रतिष्ठानाचे कार्य आणि कर्जपुरवठ्याचे काही प्रश्न

कारखानदारीचा रूढ हिशेब सरळ रेषेचा आहे. खाणीतून वा शेतातून कच्चा माल आणावयाचा, त्याचा पक्का माल करून विकावयाचा आणि ग्राहकाचा उपयोग संपला की ती वस्तू कचऱ्यात जावयाची. विक्री झाली की उत्पादकाच्या खातेवहीतील ते पान मिटते. वस्तूत अडकलेले पोलाद, तांबे, वीज, पाणी आणि श्रम यांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणाच्याच ताळेबंदात सापडत नाही. ही रेषा वाकवून तिचे वर्तुळ करण्याच्या विचारास 'चक्रीय अर्थव्यवस्था' म्हणतात.

हा विचार कोणा एकाचा नव्हे. स्वित्झर्लंडचे वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल यांनी तो गेल्या शतकाच्या आठव्या दशकातच मांडावयास प्रारंभ केला होता. मात्र मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांपुढे तो हिशेबाच्या भाषेत नेण्याचे काम प्रामुख्याने केले, ते इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर मुख्यालय असलेल्या एलन मॅकार्थर प्रतिष्ठान या धर्मादाय संस्थेने.

संस्थापिका एलन मॅकार्थर या मूळच्या दर्यावर्दी. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांनी एकटीने, कोठेही न थांबता, ७१ दिवस १४ तासांत शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून विक्रम केला. तो २००८ मध्ये मोडला गेला. परंतु त्या प्रवासात आलेला एक अनुभव टिकला. नौकेवर घेतलेले अन्न आणि इंधन तेवढेच. संपले तर भर समुद्रात दुकान नाही. जगाची अर्थव्यवस्थाही अशाच मर्यादित शिदोरीवर चालते, या जाणिवेने त्यांनी स्पर्धात्मक नौकानयन सोडले आणि सप्टेंबर २०१० मध्ये प्रतिष्ठान स्थापन केले. बी अँड क्यू, बीटी, सिस्को, नॅशनल ग्रिड आणि रेनॉ या कंपन्या आरंभीच्या सहयोगी होत्या.

प्रतिष्ठान स्वतः कारखाना चालवीत नाही. अभ्यास अहवाल काढणे, परस्परांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांना एका मंचावर आणणे, संज्ञांच्या समान व्याख्या ठरविणे आणि दिलेल्या वचनांची प्रगती दरवर्षी प्रसिद्ध करणे, असे त्याचे कार्य आहे. त्याच्या शिकवणुकीतील एक मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. चक्रीय म्हणजे केवळ भंगार वितळवून पुन्हा धातू करणे नव्हे. ती सर्वांत बाहेरची, म्हणून सर्वांत कमी मूल्य राखणारी पायरी होय. वस्तू दुरुस्त करून वापरणे, ती दुसऱ्यास देणे, तिचे भाग काढून नव्यासारखे बनविणे ही आतली वर्तुळे. वर्तुळ जितके लहान, तितके मूळ श्रमांचे मोल अधिक वाचते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजी यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

उद्योगातील उदाहरण रेनॉचे. पॅरिसजवळील श्वाझी-ल-रुआ येथे ही कंपनी १९४९ पासून जुनी इंजिने व गिअरबॉक्स पूर्ण सुटे करून, झिजलेले भाग बदलून, चाचणी घेऊन पुन्हा विकत असे. ग्राहकास असा भाग नव्याच्या तुलनेत ३० ते ५० टक्के स्वस्त पडे. प्रतिष्ठानाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार नव्या उत्पादनाच्या तुलनेत ऊर्जा ८० टक्के, पाणी ८८ टक्के आणि रसायने ९२ टक्के कमी लागत. कचरा ७० टक्क्यांनी घटे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार हे काम फ्लँ येथील मोठ्या कारखान्याकडे नेण्यात आले. येथील मेख कच्च्या मालात आहे. येथे कच्चा माल खाणीतून येत नाही, तो ग्राहकाकडून परत यावा लागतो. जुने इंजिन परत आलेच नाही, अथवा फुटक्या अवस्थेत आले, तर यंत्रे रिकामी राहतात. म्हणून असा व्यवसाय जितका तंत्रज्ञानाचा, तितकाच परतीच्या व्यवस्थेचा असतो.

दुसरा प्रकार वस्तू न विकता तिची सेवा विकण्याचा. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाने २०१५ मध्ये एका इमारतीसाठी दिवे विकत न घेता प्रकाश विकत घेण्याचा करार केला. दिव्यांची मालकी फिलिप्सकडेच राहिली. साहजिकच दिवा लवकर बिघडण्यात निर्मात्याचा लाभ उरला नाही, आणि सुटे भाग बदलता येतील अशी दिव्यांची रचना करण्यात आली.

बँकेच्या दृष्टीने खरा पेच याच ठिकाणी उभा राहतो. माल विकणाऱ्यास पैसे एकदम अथवा उधारीच्या मुदतीत मिळतात. सेवा विकणाऱ्याचा खर्च आज होतो, वसुली मात्र वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने येते. मालमत्ता त्याच्याच ताळेबंदात राहते, खेळत्या भांडवलाची गरज वाढते आणि कर्जाचे इक्विटीशी प्रमाण कागदावर वाईट दिसते. तारण म्हणून दाखविलेले यंत्र प्रत्यक्षात दुसऱ्याच्या आवारात, क्वचित भिंतीत बसविलेले असते. अशा प्रस्तावात यंत्राच्या किमतीपेक्षा ग्राहकाशी झालेला करार, त्याची पत आणि वस्तूचे मुदतीअखेरचे मूल्य यांची छाननी अधिक महत्त्वाची ठरते. ही छाननी नेहमीच्या नमुन्यांत बसत नाही, म्हणून चांगला प्रस्तावही नाकारला जाण्याचा धोका असतो. इटलीच्या इंतेसा सानपाओलो या बँकेने प्रतिष्ठानाशी सहयोग करून २०१८ नंतरच्या व्यवसाय आराखड्यात चक्रीय प्रकल्पांसाठी ५ अब्ज युरोंची स्वतंत्र कर्जमर्यादा ठेवली, ती या पार्श्वभूमीवर.

प्रतिष्ठानाच्या कार्याला मर्यादाही आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासह त्याने ऑक्टोबर २०१८ मध्ये प्लास्टिकविषयक जागतिक वचनबद्धता जाहीर केली. २०२५ पर्यंत सर्व प्लास्टिक वेष्टन पुन्हा वापरण्याजोगे, पुनर्प्रक्रियेजोगे अथवा कुजणारे करण्याचे वचन अनेक बड्या कंपन्यांनी दिले. मात्र बहुतेक कंपन्या हे लक्ष्य जवळजवळ निश्चितपणे चुकवतील, असे प्रतिष्ठानाच्याच २०२२ च्या प्रगती अहवालाने नमूद केले. स्वेच्छेने दिलेल्या वचनामागे कायद्याचा धाक नसतो. तथापि अपयशाचे आकडे स्वतःच छापणे, हे अशा संस्थांत नेहमी आढळत नाही.

भारतासंबंधी प्रतिष्ठानाने डिसेंबर २०१६ मध्ये स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. शहरे व बांधकाम, अन्न व शेती आणि वाहतूक व वाहननिर्मिती या तीन क्षेत्रांत चक्रीय मार्ग स्वीकारल्यास २०५० मध्ये वार्षिक ४० लाख कोटी रुपयांचा लाभ होऊ शकेल, असा त्यातील अंदाज आहे. अंदाज तो अंदाजच. त्यावर कर्ज मंजूर होत नाही. पण त्यानंतर नियम बदलले आहेत. प्लास्टिक, बॅटरी आणि ई-कचरा यांसाठी २०२२ मध्ये आलेल्या नियमांनी उत्पादकावर विस्तारित जबाबदारी टाकली, आणि रिझर्व्ह बँकेच्या हरित ठेवींच्या चौकटीत, जी १ जून २०२३ पासून लागू झाली, कचरा व्यवस्थापन हे पात्र क्षेत्रांपैकी एक आहे. जुना माल गोळा करून वर्गवारी करणारा एखादा लघुउद्योजक शाखेत कर्जाचा अर्ज घेऊन आला, तर त्याच्याकडे यंत्रांच्या कोटेशनबरोबरच माल पुरविणाऱ्यांशी झालेले लेखी करार आणि माल उचलणाऱ्या कारखान्याचे मागणीपत्र मागावयास हवे.