आधी काटा तपास

चि. अमोल यास,



तुझा फोन आल्यापासून डोक्यात तुझी गाडीच आहे. पुण्याहून माल भरून येताना खंबाटकी चढलास की टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याला टेकतो, आणि गॅरेजवाला म्हणतो रेडिएटर बदला, नाहीतर थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका. दोन्हीला तूर्त नाही म्हण. गाडी जुनी, तसा तिचा मीटरही जुना. तो खरं सांगतो की नाही हे अजून कुणी पाहिलेलं नाही. व्हॉल्व्हला तर हात लावू देऊ नकोस. तो काढला की एरवी इंजिन गार चालतं, डिझेल जास्त पितं, आणि दुखणं आहे तिथेच राहतं. मात्र तपासणी होईपर्यंत काटा लाल झाला की गाडी बाजूला घ्यायचीच. तेव्हा काट्यावर शंका घ्यायची नाही.

आता तपासायचं कसं ते सांगतो. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना इंजिनवरचा टेंपरेचरचा सेन्सर खोल. थोडं कूलंट सांडेल, खाली भांडं धर. सेन्सरची वायर लांब तुकडा जोडून वाढव. दुसऱ्या वायरचं एक टोक सेन्सरच्या अंगाला आवळून बांध, दुसरं चासीला घासून स्वच्छ केलेल्या जागी लाव, कारण सेन्सरला अर्थ इंजिनच्या लोखंडातून मिळतो आणि बाहेर काढल्यावर तो तुटतो. शेगडी गाडीपासून लांब ठेव. तिच्यावरच्या पाण्याच्या पातेल्यात सेन्सर आट्यांपर्यंतच बुडव, तळाला टेकू देऊ नकोस, आणि शेजारी स्वयंपाकातला थर्मामीटर धर. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो फुटेल.

स्विच ऑन करून कुणाला तरी केबिनमध्ये बसव. पाणी हळूहळू तापव. ६०, ८०, ९० अंश आणि उकळी, अशा प्रत्येक टप्प्याला थोडं थांब, काटा स्थिरावू दे आणि काचेवर मार्करने बारीक रेघ मार. साताऱ्यात पाणी १०० अंशाला उकळत नाही. आपण समुद्रापासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहोत, इथे ९७-९८ लाच उकळी येते. तुझा थर्मामीटरही त्यावरून तपासून होईल. उकळीला काटा लाल पट्ट्यात गेला, तर पट्टाच आधी सुरू होतो असं समज. कूलंट बरोबर असेल आणि रेडिएटरचं झाकण दाब धरत असेल, तर आतलं पाणी १०० च्या वरही उकळत नाही.

याच्या उलट प्रकार मला जास्त भिववतो. काटा निवांत मध्यावर असतो आणि हेड तापून वाकतं. पाणी तापेल तसा सेन्सरचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यावरून काटा चढतो. आट्यांवर गंज चढला किंवा कुणी टेफ्लॉन टेप गुंडाळली, की अर्थ कच्चा होतो, रेझिस्टन्स वाढतो आणि काटा इंजिन गार असल्याचं दाखवतो. आटे ब्रशने घासून बसव. पाणी कमी होऊन सेन्सर उघडा पडला तरी काटा खाली येतो, म्हणून घाटात काटा अचानक उतरला तर हायसं वाटून घेऊ नकोस, आधी थांब. आणि हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर मीटरच्या मागचा अर्थ बघ, इंजिनचं तिथे काही नाही.

सेन्सर बदलावा लागला तर त्या मीटरच्या जोडीचाच घे. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या गाडीचा बसवला, तर सगळे आकडे चुकतात. दुकानदार ‘चालतंय’ म्हणेल, ऐकू नकोस.

सेन्सर बसवून कूलंट भरलंस, हवा काढलीस, की रिकामी गाडी घेऊन एक फेरी मार. परत आल्यावर इन्फ्रारेड गनने व्हॉल्व्हच्या घरावर मोज. चकचकीत लोखंडावर गन चुकते, म्हणून तिथे आधी काळी टेप लाव. आकडा आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमी येईल, पण काचेवरच्या रेघांशी ढोबळमानाने जुळायला हवा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, मग कितीही घाई असो.

रेघांचे आकडे वहीत लिही आणि रविवारी मला फोनवर वाचून दाखव. ते ऐकल्यावर रेडिएटरचं ठरवू.

तुझा,
मामा