चापाची जुळणी

नेम अचूक धरूनही छर्रा लक्ष्याच्या बाजूला का जातो, हा प्रश्न हवाई बंदूक हाती घेणाऱ्या प्रत्येकास केव्हा ना केव्हा पडतो. दोष पुष्कळदा डोळ्याचा नसून बोटाचा असतो. चाप फार जड असला, तर त्याबरोबर सारी बंदूकच ओढली जाते.

थोडे गणित करून पाहू. नेमाच्या पुढील व मागील खुणांत अर्ध्या मीटरचे अंतर आहे असे समजा. पुढची खूण नेमाच्या रेषेपासून एकच मिलिमीटर ढळली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने १० मीटरांवर छर्रा २० मिलिमीटर दूर लागेल. २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी ज्या १० मीटर स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, तिच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो!

आता यंत्राकडे वळू. जर्मनीतील वायराउख कारखान्याची ‘एच. डब्ल्यू. ३५’ ही जुनी, नामांकित बंदूक घ्या. नळी खाली वाकविली की आतील दट्ट्या मागे सरतो, बळकट स्प्रिंग दाबली जाते आणि एक आकडी दट्ट्यास अडवून धरते. तो सारा जोर थेट चापावर आला असता, तर बोटास तो पेलवला नसता. म्हणून या बंदुकीच्या ‘रेकॉर्ड’ नामक चापयंत्रात पहिल्या आकडीस दुसरी आकडी धरून ठेवते व दुसरीस चाप. तरफेच्या तत्त्वाने जोर पायरीपायरीने घटतो आणि बोटाच्या हलक्या दाबाने मोठी शक्ती मुक्त होते.

चापाच्या मागे एक लहान स्क्रू असतो. तो चापाच्या स्प्रिंगवरील ताण कमीअधिक करतो. तो सैल केला की चाप हलका होतो, आवळला की जड. जुळणी करताना बंदूक रिकामी असावी, दट्ट्या ओढलेला नसावा. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा. नंतर छर्रा भरून, नळीचे तोंड मातीच्या बंधाऱ्याकडे ठेवून चाप पारखावा. छर्ऱ्यावाचून बंदूक झाडू नये. अडसर नसल्याने दट्ट्या नळकांड्याच्या टोकावर जोराने आदळतो.

मात्र हलका चाप म्हणजे उत्तम चाप, हा समज घातक आहे. स्प्रिंगचा ताण फारच कमी झाला, तर चाप पुरता जागेवर परतत नाही आणि आकड्यांची पकड अपुरी राहते. मग लहानशा धक्क्यानेही बंदूक सुटू शकते. नळी उघडी असताना असे घडले, तर ती वेगाने वर येऊन बोटे चिरडू शकते. म्हणून छर्रा भरताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरावी, चापाजवळ बोट नेऊ नये. दस्त्यावर तळहाताची थाप मारताच जी बंदूक सुटते, तिचा स्क्रू तत्काळ पुन्हा आवळावा व ती जाणत्या कारागिरास दाखवावी. हे काम वडीलधाऱ्यांनीच करावे. विद्यार्थ्यांनी जवळ उभे राहून समजून घ्यावे.

चाप जुळविण्याचा हेतू बंदूक लवकर सुटावी हा नव्हे. आपण ठरवू त्याच क्षणी ती सुटावी, आधी नव्हे आणि नंतरही नव्हे, एवढाच तो हेतू आहे.