दिवाळी ऑफर, पॉवर वीडर आणि उसाचं बिल



ऑफरचे मेसेज सगळ्यांनाच येताहेत. समजा, 60,000 चा पॉवर वीडर 'फक्त 52,000'. भरा 5,000, मग 4,500 चे 12 हप्ते. बेरीज करा: 59,000. सूट गेली कुठं?

हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू. कराड-वाळव्याकडं तोवर गाळप नुकतं चालू झालेलं असतं. एफआरपी 14 दिवसांत द्यायचा नियम आहे, पण तोड कधी मिळेल ते आपल्या हातात नाही. बिलातून सोसायटीचं कर्ज आधी वळतं होतं. उरेल त्यावरच हप्ता धरा. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य. ते थकलं तर ही सवलतही जाते.

अवजारांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झालाय. दुकानदार तीच कपात 'ऑफर' म्हणून दाखवतोय का, ते विचारा. ती दिवाळीनंतरही राहणार, मग घाई कशाला?

⚠️ महाडीबीटीवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमती मिळेपर्यंत यंत्र घेऊ नका. त्याआधीच्या तारखेचं बिल अनुदानाला चालत नाही. 8,000 च्या सवलतीपायी मोठं अनुदान हातचं जाईल.

सही करण्याआधी कोटेशन आणि हप्त्यांचा तक्ता घेऊन कंपनीच्या ऑफिसात या, बसून हिशोब करू.