आतुरालयातील रंजनोपचार : संहितेतील आधार आणि एका व्यवसायाची वाटचाल

प्रास्ताविक

वमन वा विरेचनाचे प्रधानकर्म एका दिवसात आटोपते. संसर्जनक्रम मात्र रुग्णास दिवसामागून दिवस पाळावा लागतो. प्रधान शुद्धी झाल्यास तो बारा अन्नकालांचा, म्हणजे सुमारे सात दिवसांचा असतो. पेया, विलेपी, यूष हा क्रम वैद्य काटेकोरपणे लिहून देतो. परंतु दोन अन्नकालांमधील वेळ रुग्णाने कसा घालवावा, याविषयी रुग्णपत्रिकेत बहुधा एक ओळही आढळत नाही. तो वेळ दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी आणि दिवसाची झोप यांच्या स्वाधीन होतो.

पक्षाघातासारख्या दीर्घकालीन व्याधीत हा रिकामा वेळ महिनोन्‌महिने पसरतो. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारा, ज्याचे हात वर्षानुवर्षे यंत्रावर चालले असा कामगार एकाएकी खाटेवर येतो, तेव्हा व्याधीइतकाच हा रिकामेपणाही त्याला खातो. या वेळेचा औषधासारखा विचार करणाऱ्या शास्त्रास पाश्चात्य देशांत रंजनोपचार म्हणतात. त्याचा इतिहास आणि त्यातून वैद्यांनी घ्यावयाचा बोध यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेत आहोत.

संहितांतील आधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात शोधनापूर्वी सिद्ध ठेवावयाच्या संभाराचे वर्णन आहे. निवात परंतु एका बाजूने वारा खेळणारे घर, उखळ-मुसळ, स्नानभूमी, स्वयंपाकघर, परिचारक अशी ती यादी आहे. त्याच यादीत गायन, वादन, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे यांत कुशल अशा सोबत्यांचाही समावेश आहे. हे सोबती केवळ कलावंत असून भागत नाही. ते रुग्णाचा अभिप्राय जाणणारे, त्याला मान्य असणारे आणि देशकालाचे भान राखणारे असावेत, अशी आचार्यांची अपेक्षा आहे. रंजन येथे वस्ती आणि औषधे यांच्या पंक्तीला बसते, हे लक्षात घ्यावे.

याच स्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणितोपासनीय अध्यायात, सुहृदांच्या गोष्टींनी व्रणवेदनांवरून मन दूर नेण्याचा उपाय सांगितला आहे. मदात्ययाच्या चिकित्सेत चरकांनी हर्षणी क्रियेचा आग्रह धरला आहे, कारण मनाला क्षोभ झाल्यावाचून हा व्याधी होत नाही. सत्त्वावजय चिकित्सेच्या विस्तृत क्षेत्रात हे सर्व उपाय बसतात.

पाश्चात्य देशांतील वाटचाल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आपल्या परिचर्याविषयक ग्रंथात वैविध्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. रंग, फुले व दृश्यांतील बदल यांचा रुग्णाच्या शरीरावरही परिणाम होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे दोन महायुद्धांत अमेरिकेच्या सैनिकी रुग्णालयांत रेड क्रॉसने रंजनाचे कार्यक्रम चालविले. २९ जुलै १९४८ रोजी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मेरुदंडाच्या इजेने पंगू झालेल्या १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्या बीजातूनच पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धांचा वृक्ष वाढला.

युद्धोत्तर काळात अमेरिकेतील कार्यकर्त्यांपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. रंजन हा रुग्णाचा माणूस म्हणून असलेला हक्क आहे, की विशिष्ट विकारावरील उपाय आहे? १९६६ साली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तरी हा वाद मिटला नाही. १९८१ साली प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र परिषद अस्तित्वात आली. १९८४ साली उपायपक्षाचा आग्रह धरणाऱ्यांनी आपली वेगळी संघटना उभारली. या वाटचालीत व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली ती चार पायऱ्यांच्या शिस्तीमुळे: रुग्णाचे परीक्षण, योजना, अंमलबजावणी आणि मूल्यमापन.

महाराष्ट्रातील वाटचाल

आपल्याकडे या विचाराला पहिले शास्त्रीय रूप मिळाले ते व्यवसायोपचाराच्या द्वारे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांमध्ये भारताची गणना झाली. १९५८ साली नागपूर येथे दुसरे विद्यालय निघाले.

क्रीडेच्या औषधी सामर्थ्याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पंगू झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. मदात्ययाच्या क्षेत्रात, १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने योग, संगीत व खेळ यांना उपचाराच्या दिनक्रमात स्थान दिले. चरकांच्या हर्षणी क्रियेशी असलेले त्याचे साम्य वैद्यांच्या नजरेतून सुटणारे नाही.

कायद्यानेही या विषयाची दखल घेतली आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोरुग्णालयातील रुग्णाचा विरंगुळा व मनोरंजनाचा हक्क मान्य केला आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायविषयक केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीत रंजनोपचारकाचा उल्लेख आला आहे. हक्क आणि उपाय हे अमेरिकेतील वादाचे दोन्ही पक्ष अशा रीतीने आपल्या कायद्यांत आले आहेत.

चिकित्सालयात उपयोजन

या इतिहासाचा बोध आमच्या मते एकच आहे. रंजन लिहून दिले, ते एका विशिष्ट व्यक्तीवर सोपविले आणि त्याची नोंद ठेवली, तरच ते उपचार ठरते. एरवी ती केवळ करमणूक.

१) परीक्षण. प्रकृती व सत्त्व यांबरोबर रुग्णास आजारापूर्वी काय आवडत होते, हे विचारावे. अभिप्रायज्ञतेचा आरंभ येथून होतो.

२) योजना. संसर्जनकाळात सिद्धिस्थानात सांगितलेले आठ वर्ज्य भाव समोर ठेवावेत. उच्चैर्भाष्य वर्ज्य, म्हणून मोठ्याने भजन म्हणण्याऐवजी ते ऐकावे. अत्यासन वर्ज्य, म्हणून पत्त्यांचा डाव तासन्‌तास चालू नये. रथक्षोभ व अतिचंक्रमण वर्ज्य, म्हणून सहल नको. दिवास्वाप टाळावयाचा असतो, म्हणून दुपारच्या जेवणानंतरची वेळ कथाश्रवणासाठी राखावी. मराठवाड्यात कीर्तनकारांची वाण नाही आणि नाथांचे पैठण जवळच आहे. भारूड जाणणारा एखादा शेजारी हा चरकांनी सांगितलेल्या सोबत्याचा आजचा अवतारच होय.

३) अंमलबजावणी. परिचारक किंवा नातेवाईक यांपैकी एकाचे नाव रुग्णपत्रिकेत लिहावे. समजा, पक्षाघाताचा रुग्ण पूर्वी भजनी मंडळात टाळ वाजवीत असे. विकल हातात टाळ देऊन तो रोज ठरावीक वेळी वाजविण्यास सांगावे. भौतिकोपचार चालू असल्यास तो बंद करू नये.

४) मूल्यमापन. एक संपूर्ण अभंग होईपर्यंत टाळ हातात राहतो काय? रात्रीची झोप, भूक आणि आपणहून केलेले बोलणे यांत फरक पडला काय? आठवड्यातून एकदा ही नोंद करावी. फरक नसल्यास, मात्रा बदलतो त्याप्रमाणे योजना बदलावी.

औषधालय चालकांचे स्थानही येथे महत्त्वाचे आहे. निद्रेसाठी किंवा मलावरोधासाठी तेच चूर्ण महिन्यामागून महिने नेणारे वृद्ध ग्राहक त्यांना चांगले परिचित असतात. “दिवस कसा जातो?” हा एक प्रश्न विचारून, उत्तर चिंताजनक वाटल्यास त्यांनी ग्राहकास वैद्यांकडे पाठवावे.

एक मर्यादा स्पष्ट सांगणे अवश्य आहे. ज्याला जगणे नकोसे झाले आहे, ज्याचे अन्न वा निद्रा पूर्ण तुटली आहे किंवा ज्याला भास होत आहेत, अशा रुग्णास भजन वा गप्पांवर ठेवू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे.

उपसंहार

पाश्चात्यांनी जे शतकभराच्या प्रयत्नांनी व्यवसायरूपास आणले, त्याचे बीज आपल्या संहितेत आहे, एवढ्यावर समाधान मानणे पुरेसे नाही. आचार्यांनी संभार आधी जमवावयास सांगितला आहे, नंतर नव्हे. म्हणून रुग्णपत्रिकेत आहार, औषध व विहार यांच्या खाली ‘रंजन’ अशी एक ओळ छापून घ्यावी आणि प्रत्येक प्रविष्ट रुग्णासाठी ती पहिल्याच दिवशी भरावी, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र सूचना आहे. तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र आल्या, तर या विषयावर अधिकाराने बोलण्याइतकी सामग्री आपल्या स्वतःच्या चिकित्सालयांतूनच उभी राहील.