सायकलला इंजिन बसवण्यापूर्वी

दिवाळीच्या सुट्टीत चुलतभावाने आणि मी जुन्या सायकलला पेट्रोलवर चालणारे ४९ सीसीचे इंजिन बसवले. "सायकलच आहे, लायसन्स लागत नाही," असे दुकानदार म्हणाला होता. मी पंधरा वर्षांचा; मला ते लगेच पटले. बाबा मात्र म्हणाले, "रस्त्यावर नेण्याआधी कायदा वाच."

मी मोटार वाहन कायदा, १९८८ वाचला. कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असेल, तरच ते वाहन 'मोटार वाहन' ठरत नाही. म्हणजे पेडल असले तरी आमची सायकल मोटार वाहनच! तिला नोंदणी व विमा हवा, चालवणाऱ्याला लायसन्स आणि हेल्मेट. कलम ४ प्रमाणे वयाची अट १८ वर्षे; फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलसाठी १६. मी कशातच बसत नव्हतो.

२०१९ मध्ये आलेले कलम १९९अ वाचून मात्र मी गप्पच झालो. अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते हे सिद्ध केले, तर पालक सुटू शकतो. पण बाबांना तर सगळे माहीत होते!

त्याच संध्याकाळी आम्ही इंजिन उतरवले. मित्रांनो, इंजिन घेण्याआधी त्यावरचा सीसीचा आकडा वाचा. चूक आपली असते, शिक्षा घरच्यांना होते.